मांडीपरीक्षा

"मॅडम, हा वाळा मी तान्ही असताना माझ्या पायात घातला असता, तर मशीनवर कुणाचं नाव आलं असतं?"

प्रश्न विचारला केतकी वरुटेनं, पण तो शिजला होता मागच्या बाकावर. झोया आणि गार्गी या तिच्या दोघी मैत्रिणींनी पैज घेतली होती की, केतकी भर सभागृहात उभी राहून स्वतःच्या आईला 'मॅडम' म्हणून असला प्रश्न विचारूच शकणार नाही. गेल्या वर्षीची केतकी असती तर खरंच नसता विचारला. हजेरीला 'हजर' म्हणतानाही तिचा घसा बसायचा. पण यंदा ती दहावीत गेली, खो-खोच्या संघाची कप्तान झाली, लांब वेणी कापून टाकली, आणि एके दिवशी तिच्या ध्यानात आलं की आपण बोलायला लागलो की लोक चक्क ऐकतात. तेव्हापासून तिला गप्प बसवायचं म्हणजे चालू माग हातानं थांबवण्यासारखं झालं होतं.

मंचावर तिची आई उभी होती. मेघना वरुटे, नगरपालिकेच्या बालसंगोपन साहाय्य कक्षातली पात्रता अधिकारी. कापडाचं गाव हे. घरटी आईबाप दोघंही कामावर. त्यातल्या कोणत्या बाळाला मोफत पाळणाघर मिळणार आणि कोणत्या नाही, हे ठरवायचं तिचं काम. गावात तिला 'पाळणावाल्या मॅडम' म्हणत. शाळेनं बोलावलं म्हणून ती आज आपलं मशीन दाखवायला आली होती.

मुलं खिदळली. आईनं हातातला वाळा टेबलावर ठेवला.

"माझं नसतं आलं," ती म्हणाली. "शेजारच्या मालूताईंचं आलं असतं. माझी नोकरी होती, आणि उरलेल्या वेळात खात्याच्या परीक्षांचा अभ्यास. तू त्यांच्याच मांडीवर झोपायचीस. पुढचा प्रश्न?"

खिदळणं एकदम विरलं. "जिंकलीस बाई पैज," झोया कुजबुजली, "बस आता खाली." केतकी बसली, पण तिचा गुडघा जो हलायला लागला तो घंटा होईपर्यंत थांबला नाही.

वाळा म्हणायचं, पण तो चांदीचा नव्हता. मऊ कापडाची पट्टी आणि तिच्या आत तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक. तो बाळाच्या घोट्याला बांधायचा, आणि घरातल्या माणसांच्या मनगटाला एकेक पट्टा. माणसाच्या हृदयाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं किंचित लांबतं, किंचित आखडतं. श्वासाबरोबर, भीतीबरोबर, निवांतपणाबरोबर. बाळ आपल्या रोजच्या माणसाच्या मांडीवर असलं की दोघांचं हे लांबणं-आखडणं हळूहळू एका चालीत येतं. परक्या मांडीवर येत नाही. एवढं शास्त्रज्ञांना आधीपासून अंधूक ठाऊक होतं. नवा शोध असा की ही जुळणी मांडीवर घेतल्याक्षणी होत नसते. रोजच्या भरवण्यातून, थोपटण्यातून ती साठत जाते, आणि माणूस तुटलं की तशीच विरूनही जाते. म्हणजे ती मोजली की बाळाला खरंच कोण सांभाळतं ते समजतं, कुणाला काही विचारायलाच नको. मशीन शंभरपैकी गुण देई. सत्तरच्या वर गेलेला तो 'सांभाळणारा'.

गावानं लगेच बारसं करून टाकलं: मांडीपरीक्षा.

मशीन यायच्या आधी 'घरी कुणी नाही' असं लिहून देणाऱ्यांच्या पडद्यामागे आजी घोरत असायची, आणि जिचं खरंच कुणी नाही तिला कार्यालयातला कारकून हेलपाटे मारायला लावायचा. मशीन थापांना भुलत नव्हतं आणि चहापाणी मागत नव्हतं. गुण आले की ते थेट राज्याच्या संगणकावर, कुणालाही खोडता न येणारे. म्हणून तर केतकीच्या आईनं भांडून ते गावात आणलं होतं. नियमही सुटसुटीत: घरात सत्तरच्या वर गुण असलेली, न कमावणारी व्यक्ती असेल, तर बाळाला बघणारं माणूस घरात आहे. मदत नाही.

दरवर्षी दहावीच्या मुलांना दप्तराविना पंधरवडा असायचा. त्या पंधरवड्यात कुठल्यातरी कार्यालयात जाऊन काम पाहायचं. झोयानं रुग्णालय घेतलं, गार्गीनं अग्निशमन. केतकीनं आईचं कार्यालय मागितलं तेव्हा दोघींनी कपाळाला हात लावला. "घरी बघतेस ती कमी पडती होय?" गार्गी म्हणाली. केतकीनं काहीतरी उलट उत्तर दिलं. खरं उत्तर तिला स्वतःलाही नीट माहीत नव्हतं. मालूताईंच्या मांडीवर आपल्याला ठेवून आई जिथं जायची, ते ठिकाण तिला एकदा बघायचं होतं.

पहिल्याच दिवशी तिला कळलं की आई घरी वेगळी असते आणि दुसऱ्यांच्या घरी वेगळी. दुसऱ्यांच्या घरी ती खुर्ची नाकारायची आणि जमिनीवर बसायची, म्हणजे बाळाच्या डोळ्यांना डोळे भिडतात. चहा घ्यायची नाही, पाणी मात्र मागून घ्यायची. 'कोण सांभाळतं?' असं तर कधीच विचारायची नाही.

"मग काय विचारतेस?" रिक्षात केतकीनं विचारलं.

"बाळ आजारी पडलं की सुट्टी कोण घेतं, ते. सांभाळतं कोण म्हटलं की लोक उत्तर जुळवून देतात. आजारपणाचं उत्तर आपोआप तोंडातून निघतं."

"पण आता मशीन आहे की."

"आहे. तरी विचारते. सवय." आई बाहेर बघत म्हणाली.

तिसऱ्या दिवशीचं घर होतं ते, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. दारात पोरीनं कडेवर बाळ घेतलेलं, आणि तिला बघून केतकी जागीच थबकली. ती आठवीतली सुहानी भंडारे होती. खांबाला सूर मारावा तर तिनं. अख्ख्या तालुक्यात तिच्या तोडीची मुलगी नव्हती, आणि जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर असताना महिनाभर ती मैदानावर फिरकली नव्हती.

"सुहे, तू इथं? आणि मी तुझ्या नावानं शंख करतेय तिकडं."

"हळू, कप्तानताई. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

कडेवरचा वेदू सव्वा वर्षाचा. त्याला अंघोळ घालून, नवं झबलं चढवून, गालाला तीट लावून तयार ठेवलं होतं. गल्लीत आवई उठली होती की मांडीपरीक्षेच्या दिवशी बाळ रडलं तर मॅडम नापास करतात. सुहानीची आई काजल नुकतीच कामाची पाळी संपवून आली होती. कारखान्यात कापड तपासायच्या पडद्यासमोर ती दिवसभर उभी असे. बाप लांबच्या ट्रकवर, महिन्यातनं एकदोनदा घरी.

केतकीची आई जमिनीवर बसली. "काजल, वेदू आजारी पडला की सुट्टी कोण घेतं?"

"मला कुठली सुट्टी मॅडम. दोन खाडे झाले की दुसरी उभी करतात." काजलनं पदरानं तोंड पुसलं. "सुहानी घेती की. शाळेतनं."

आईनं एकदा सुहानीकडे बघितलं आणि मान हलवली. केतकीला ती मान ओळखीची होती. आईचं मत पक्कं झालं की ती अशी हलायची. या घराला पाळणाघर मिळायलाच हवं, हे तिथंच ठरलं होतं. उरलं होतं ते फक्त मशीन.

वेदूच्या घोट्याला वाळा बांधला, काजलच्या मनगटाला पट्टा. झोपमोड झालेला वेदू काजलकडे जाताच ताठ झाला आणि असा काही रडला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. काजल त्याला हलवत होती, नळाकडे नेत होती. तो थांबेना. एकतीस, मशीन म्हणालं.

"असा न्हाई हो तो," काजलचा चेहरा पडला. "तुम्हाला वाटंल मारतो का काय आम्ही पोराला."

"काही वाटत नाही मला," आई म्हणाली. तेवढ्यात बाहेरून कुणी हाक मारली. शेजारणीला तिच्या अर्जाचं काय झालं ते विचारायचं होतं. आई दाराबाहेर गेली.

वेदूचा श्वास अडकायला लागला होता. "सुहे, घे गं त्याला," काजल काकुळतीला आली. "मॅडम येईस्तवर गप कर. नापास करतील न्हाईतर."

आणि आपली केतकी पुढे सरसावली. बॅग तिच्याकडे होती. तीन दिवस ती आईला पट्टा बांधताना बघत होती, त्यात अवघड असं काय होतं? "थांब सुहे, तुलाही बांधते. मशीनला दिसू दे की बाळ कसं गुणी आहे ते."

सुहानीनं वेदूला उरावर घेतलं, एक पाय मुडपून बसली आणि त्याच्या पाठीवर तीन बोटांनी टकटक सुरू केली. वेदूनं एक हुंदका दिला, तोंड तिच्या गळ्याशी खुपसलं आणि बघता बघता मऊ पडला. मशीनवरचा आकडा चढत गेला. छप्पन्न, सत्तर, एक्क्याऐंशी. केतकीला संघाचे गुण चढताना बघितल्यासारखं झालं.

आई आत आली तेव्हा ती आनंदानं म्हणाली, "आई, बघ, अठ्ठ्याऐंशी."

आईनं मशीन हातात घेतलं. आकडा आणि खालचं नाव वाचलं. मग तिनं पडदा काजलकडे वळवला, कारण निकाल घरच्यांना तिथंच दाखवायचा असतो. 'सांभाळणारी व्यक्ती: सुहानी भंडारे. कमावती: नाही. घर अपात्र.'

"म्हंजी वो काय?" काजलनं विचारलं.

सुहानीनं वाचलं होतं. टकटक थांबवली नाही तिनं, फक्त मान खाली घातली.

---

"खोडून टाक की मग," जेवताना केतकी म्हणाली. दुपारपासून ती हेच वेगवेगळ्या चालींत म्हणत होती.

"खोडता येत नाही."

"तू पात्रता अधिकारी आहेस."

"म्हणूनच येत नाही. माझ्या हाताला खोडता आलं असतं तर माझ्याआधीच्या सगळ्यांच्या हातालाही आलं असतं."

पप्पा ताटातली भाकरी मोडत दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. ते मागांचे फिटर. बिघाड कुठं आहे ते आवाजावरून सांगायचे. "मला एक कळंना," ते म्हणाले. "तेरा वर्षांची पोरगी सांभाळणारी कशी? मशीनला वय विचारता येत न्हाई?"

"नियमात वय नाही. नियम करताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आज्या होत्या." आईनं आमटी वाढली. "अशा मुली मला आधीही सापडल्यात. मी वर सांगितलं. वरचे म्हणाले, मशीन वय बघत नाही, माया बघतं. चांगलं वाक्य मिळालं म्हणून खूश होते."

"आधीही?" केतकीचा घास हातातच राहिला. "मग त्यांचं काय झालं?"

"घरं अपात्रच राहिली." आईनं आमटीवर झाकण ठेवलं.

"तीन आठवड्यांनी फेरचाचणी मागता येते," ती म्हणाली. "पण गुण उतरणार कसे? जुळणी विरायला सुहानीनं त्याला सोडायला हवं, आणि ती सोडू शकत नाही म्हणून तर अर्ज आहे."

केतकीनं ताट तसंच ठेवलं आणि उठली. तिच्या डोक्यात युक्ती आली होती. युक्ती आली की तिला जमिनीवर पाय ठरत नसत.

दुसऱ्या दिवशी कार्यालय सुटल्यावर ती झोयाला सायकलवर मागे बसवून भंडाऱ्यांच्या दारात हजर. "सोप्पं आहे," तिनं सुहानीला आणि काजलला समोर बसवून सांगितलं. "तीन आठवडे सुहानीनं वेदूला घ्यायचंच नाही. भरवायचं नाही, झोपवायचं नाही. त्याला दिसायचंसुद्धा नाही. रोज वेगळ्या बाईकडे ठेवायचा. आज ही, उद्या ती. म्हणजे कुणाशीच जुळणी साठणार नाही. फेरचाचणीत सुहानी चाळिशीच्या खाली. पाळणाघर मंजूर. सुहे, तू शाळेत."

"आणि खांबावर," झोयानं भर घातली.

"पर बायका ठिवून घेतील का?" काजलला शंका.

"मी बोलते त्यांच्याशी."

आणि ती खरंच बोलली. गल्लीतल्या एकेका घरी जाऊन बोलली. बायकांना ही चुरचुरीत पोरगी आवडली आणि युक्ती त्याहून आवडली, कारण मांडीपरीक्षेत पडलेलं सुहानीचं एकच घर थोडंच होतं. कुणाची थोरली मुलगी सत्त्याहत्तर, कुणाची चुलती ब्याऐंशी. आठवडा व्हायच्या आत गल्लीनं पाळ्या लावल्या. माझं तू घे, तुझं ती घेईल, आणि उद्या उलटं. सकाळी भोंगा झाला की बाळं या उंबऱ्यावरून त्या उंबऱ्यावर जात. ठोक्यांची जुळलेली लय तोडायची, म्हणून 'लय मोडायची' असं बायका त्याला म्हणायला लागल्या. "आमची निम्मी मोडली बघ," एकीनं केतकीला कौतुकानं सांगितलं. "आता पोरगं हाक मारली तरी वळून बघत न्हाई."

केतकीला ते ऐकून कसंतरी झालं. पण त्याच संध्याकाळी सुहानी मैदानावर आली, आणि सगळं विसरायला झालं. पहिल्याच डावात तिनं धावत येऊन खांबाला असा सूर मारला की पळणारी मुलगी बाद झाल्यावरही दोन पावलं तशीच पळत राहिली. सर शिट्टी वाजवायची विसरले. "आलं रे आमचं पाखरू," गार्गी म्हणाली. केतकी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिला वाटत होतं, हे मी केलं. आईला आणि राज्याच्या संगणकाला जमलं नाही ते मी केलं.

आईला तिनं काही सांगितलं नाही. आईनंही विचारलं नाही. पण रोज संध्याकाळी आई विचारायची, "सुहानी आली होती?" आणि केतकी म्हणायची, "आली होती." आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते सुटकेसारखं दिसायचं, पण पूर्ण सुटकेचं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात सुहानीच्या उड्या चुकायला लागल्या. ती आधी पडली, मग दोनदा खोटा खो दिला, मग चौकात बसल्या बसल्या पाठीमागे बघायला लागली. तिला कुणी हाक मारली नव्हती.

"काय गं?" केतकीनं विचारलं.

"काय न्हाई. आवाज आल्यासारखा झाला."

मग एक दिवस ती आलीच नाही. केतकी तडक गल्लीत गेली.

गल्ली शांत होती. ते आधी तिच्या लक्षात आलं नाही. आपल्याला चुकल्यासारखं का वाटतंय, हे तिला दोनतीन दारं ओलांडल्यावर कळलं. उंबऱ्याउंबऱ्यावर बाळं होती आणि एकही रडत नव्हतं. एक भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. एकाच्या हातातला खुळखुळा खाली पडला, त्यानं तो पडलेला बघितला आणि उचलण्यासाठी कुणाकडे पाहिलंही नाही. केतकीनं एकापुढे बोट नाचवलं. त्यानं तिच्याकडे बघितलं तसंच शेजारच्या बादलीकडे बघितलं.

वेदू त्या दिवशी तिसऱ्या घरात होता, शकुनआत्यांकडे. आणि त्या घराच्या दारामागे, भिंतीला पाठ लावून, आवाज होऊ न देता, सुहानी उभी होती.

"इथं काय करतेस?"

"रोज येते," सुहानी पुटपुटली. "दारामागनं बघते. तुम्हीच सांगितलं ना, दिसायचं न्हाई म्हणून. दिसत न्हाई मी."

"अगं पण खेळायला..."

"ताई, परवा माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई. मी पुढं झाले. त्याच्यासमोर बसले, हात पसरले." सुहानीनं तसेच हात पुढं करून दाखवले. "तो आला न्हाई. रडला असता तरी चाललं असतं. नुसता बघत बसला. मी कोण, तेच त्याला कळंना झालंय."

केतकीच्या तोंडाशी आलेलं सगळं परत गेलं. आठवडाभर थांब. एकच आठवडा राहिलाय. चाचणी झाली की परत घे. हे सगळं बरोबर होतं आणि त्यातलं एकही तिला बोलता येईना.

सुहानी दारामागून बाहेर आली. आत जाऊन तिनं वेदूला उचललं. तो तिच्या हातात गाठोड्यासारखा लोंबला. तिनं त्याला उरावर घेतलं, पाय मुडपून बसली आणि पाठीवर तीन बोटांनी टकटक सुरू केली. काही झालं नाही. ती टकटक करत राहिली.

"सुहे, आता घेतलंस तर गुण परत चढतील."

"चढू देत."

"पाळणाघर मिळणार नाही. शाळा..."

"मला नको तुमचं पाळणाघर." ती शांतपणे म्हणाली. "मी घरी बसते. शाळेत मला नाव घेऊन नका बोलवू आता, ताई. दुसरी बघा कोणतरी खांबाला."

शकुनआत्या चुलीशी उभ्या होत्या. त्या केतकीकडे बघत नव्हत्या. केतकी तिथून निघाली तेव्हा टकटक चालूच होती, आणि वेदूनं अजून तोंड गळ्याशी खुपसलं नव्हतं.

---

घरी पप्पा पिठलं हाटत होते आणि आई स्वयंपाकघराच्या ओट्याशी टेकून कामाचे निरोप बघत होती. केतकी आत आली, पाणी प्यायली, ग्लास ठेवला, पुन्हा उचलला. मग तिनं सगळं सांगून टाकलं. युक्ती, पाळ्या, बादलीकडे बघावं तसं बघणारं बाळ. मध्ये मध्ये तिचा आवाज गेल्या वर्षीसारखा बसत होता.

आईनं फोन पालथा ठेवला. ती ओरडेल असं केतकीला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"गल्लीत हे चाललंय याची कुणकुण मला होती," आई म्हणाली. "दुसऱ्या पेठेतही सुरू झालंय. गुण पडायला लागलेत तिकडे. वरून अभिनंदन आलंय की अर्ज भराभर निकाली निघतायत."

"तू का नाही थांबवलंस मला?"

"कारण तू रोज सांगायचीस, सुहानी आली होती." आई ओट्यावरचं पीठ उगाच बोटानं गोळा करायला लागली. "मला ते ऐकायचं होतं."

पप्पांनी गॅस बारीक केला.

"एक मार्ग आहे," आई म्हणाली. "पहिल्या दिवसापासून आहे. पट्टा अधिकाऱ्यानं स्वतः बांधायचा असतो. दुसऱ्या कुणी बांधला तर ती चाचणी मुळातच रद्द होते, आणि नव्यानं करताना अधिकाऱ्यानं कुणाला पट्टा बांधायचा ते तो ठरवतो. आधीच्या मुलींना बांधून बसले; सुहानीला मी बांधलाच नसता. मी काजलला तो प्रश्न विचारला तेव्हाच माझं ठरलं होतं."

"मग सांग की त्यांना. मी बांधला म्हणून."

"नोंदीत माझं नाव आहे. मशीनला मीच दिसते. मी सांगायचं म्हणजे असं सांगायचं की मी दाराबाहेर गप्पा मारत होते आणि सरकारी उपकरण माझ्या शाळकरी मुलीच्या हातात होतं. चौकशी लागेल. मला या कामावरून काढतील, आणि हे मशीन मी आणलं म्हणून टपून बसलेले आहेत, ते जुना कारभार परत आणतील." तिनं वर बघितलं. "हे सगळं खरं आहे, केतकी. आणि मी घाबरले, हेही खरं आहे. दोन्हीतलं जास्त कुठलं ते मला सांगता यायचं नाही."

"आत्ता रात्रीच्या जेवणाला काय ठरवायचं नसतंय," पप्पा म्हणाले. "जेवून घ्या आधी. उद्या शांतपणे बघू. माझ्याही कारखान्यात कपात आहे, हे दोघी ध्यानात ठेवा."

केतकी खिडकीपाशी गेली आणि परत आली. तिला बसवेना. आपल्या हातून काय झालं ते तिला आता अगदी नीट दिसत होतं, आणि दुसरी युक्ती शोधायला तिचं डोकं सवयीनं धावायला लागलं होतं. तिनं त्याला धावू दिलं नाही. युक्ती नको होती. जे झालं ते तसंच्या तसं सांगायला युक्ती लागत नाही.

"येत्या सोमवारी पालिकेत लोकशाही दिन आहे," ती म्हणाली.

आईची बोटं पिठात थांबली.

"कुणीही जाऊन मुख्याधिकाऱ्यांसमोर बोलू शकतं. मी जाणार आहे. पट्टा मी बांधला, तू बाहेर होतीस, आणि मला कुणी बांधायला सांगितलं नव्हतं, हे तिघांपुढे, चौघांपुढे, जितके असतील तितक्यांपुढे सांगणार आहे. मग वयाचं विचारणार आहे. आणि गल्लीत बाळं परत ज्याच्या त्याच्या घरी द्या म्हणून उद्या सकाळी मीच दारोदार जाऊन सांगणार आहे, कारण घ्या म्हणून मीच सांगितलं होतं."

"केतकी, चौकशी माझी लागेल," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ते कळतंय ना तुला?"

"कळतंय. म्हणून तुला आज सांगतेय, सोमवारी तिथं कळायच्या आधी." तिनं घसा खाकरला आणि पुढं बोलली. "तुला वाटलं तर तूही ये आणि बाजूला बस. नाही आलीस तर मी समजून घेईन, खरंच. पण तू नको म्हणालीस तरी मी जाणार आहे, आई. पप्पा, तुम्ही नको म्हणालात तरी."